निरोप देणे आणि निरोप घेणे : पेशींच्या संभाषणाविषयी

हिमायतनगर नावाची दोन ठिकाणे आमच्या परिचयाची आहेत. एक हैदराबाद शहरातील वस्ती, जेथे प्रस्तुत लेखक राहतो. दुसरे नांदेड जिल्ह्यातील तालुक्याचे गाव. १९४८ पर्यंत दोन्ही निजामाच्या राज्यात होती. १९५६ साली राज्यांची पुनर्रचना होऊन मराठवाडा मुंबई राज्यात गेला आणि दोहोंच्या मध्ये सीमारेषा आली. तथापि दुखणे बळावले की त्या भागातील माणूस आजही पुष्कळदा हैदराबादचीच वाट धरतो.

काही वर्षांपूर्वी भाद्रपदाच्या अखेरीस असाच एक रुग्ण येथील एका रुग्णालयात आणला गेला. पन्नाशीचा शेतमजूर, कपाशीवर फवारणी करता करता शेतातच कोसळलेला. आमच्या मंडळीतील एका कुटुंबाचा तो नातलग, म्हणून मला बोलावणे आले. मी पोहोचलो तेव्हा त्याच्या डोळ्यांतून पाणी व तोंडातून लाळ वाहत होती, अंग घामाने निथळत होते, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या डोक्याएवढ्या झाल्या होत्या, आणि कातडीखाली स्नायू आपोआप थरथरत होते. त्याच्या पत्नीने मला विचारले, “फादर, औषध अंगावर उडालं, पोटात गेलं नाही. मग ह्यांना झालं काय?” शेजारी उभा असलेला भाचा हळूच म्हणाला, “मामा हातमोजे घालत नव्हते. चूक त्यांचीच.”

ईश्वरविज्ञानाच्या अभ्यासात या दोन वाक्यांची उत्तरे मला कोणी शिकविली नव्हती. उत्तर दिले ते रात्रपाळीच्या तरुण डॉक्टरांनी, आणि तेही एकाच वाक्यात : “ह्यांच्या अंगात निरोप थांबत नाहीये.” प्रस्तुत लेख म्हणजे त्या एका वाक्याचा विस्तार होय. आपल्यापैकी अनेकांना रुग्णशय्येशी उभे राहावे लागते. तेथे काय घडत आहे हे ठाऊक असणे हाही सेवेचाच भाग आहे, असे मला वाटते.

१. संभाषणाचे मार्ग

मनुष्याचे शरीर सुमारे तीस ते सदतीस लाख कोटी पेशींचे बनलेले आहे, असा शास्त्रज्ञांचा अंदाज आहे. प्रत्येक पेशीभोवती पातळ पटल असते आणि आतील व्यवहार बऱ्याच अंशी ती स्वतःच चालवते. तरीही यांतील कोणतीही पेशी एकटी जगू शकत नाही. केव्हा वाढावे, केव्हा स्रवावे, केव्हा आकुंचन पावावे, इतकेच नव्हे तर केव्हा मरावे, हे तिला इतर पेशींकडून कळावे लागते.

हे कळविण्याचे मार्ग स्थूलमानाने तीन आहेत. पहिला मार्ग शेजारधर्माचा. लगतच्या दोन पेशींच्या पटलांतून सूक्ष्म नलिका आरपार गेलेल्या असतात आणि त्यांतून विद्युत्भारित कण थेट पलीकडे जातात. हृदयाच्या असंख्य स्नायुपेशी एकाच ठोक्याने आकुंचन पावतात त्या याच मार्गाने. दुसरा मार्ग दवंडीचा. ग्रंथीतील पेशी एखादे द्रव्य रक्तात सोडतात, ते सर्व शरीरभर फिरते आणि ज्यांना ते ऐकू येते त्या पेशी त्याप्रमाणे वागतात. अशा द्रव्यांना आपण संप्रेरके म्हणतो. स्वादुपिंडातून निघणारे इन्सुलिन हे त्यांपैकी सर्वांच्या ओळखीचे. तिसरा मार्ग जासुदाचा. चेतापेशीचा लांबच लांब तंतू ज्या पेशीला निरोप द्यायचा तिच्या अगदी दारापर्यंत जातो आणि तेथे अतिशय अरुंद फटीत आपला निरोप सोडतो. चेतापेशी आणि स्नायू यांमधील ही फट मिलिमीटरच्या सुमारे वीस हजाराव्या भागाएवढी असते.

आपला रुग्ण या तिसऱ्या मार्गावर पडलेला होता. म्हणून पुढील विवेचनात आपण त्या मार्गावरील एकाच द्रव्याचा मागोवा घेऊ. त्याचे नाव अ‍ॅसिटिलकोलिन.

२. दोन बेडकांची दोन हृदये

चेतापेशी फट ओलांडते ती विजेने की रसायनाने, यावर विसाव्या शतकाच्या आरंभी मोठा वाद होता. तो सोडविण्याच्या दिशेने निर्णायक पाऊल टाकले ते ऑस्ट्रियातील ग्राझ येथील ऑटो लोवी यांनी. त्यांनी सांगितलेली हकीकत अशी की, ईस्टरच्या सुमारास एका रात्री त्यांना स्वप्नात एक प्रयोग सुचला. जागे होऊन त्यांनी तो कागदावर टिपला. सकाळी स्वतःचेच अक्षर त्यांना लागेना. दुसऱ्या रात्री तेच स्वप्न पुन्हा पडले, तेव्हा ते टिपण करीत न बसता सरळ प्रयोगशाळेत गेले.

प्रयोग अगदी साधा होता. बेडकांची दोन जिवंत हृदये क्षारयुक्त पाण्यात ठेवलेली. पहिल्या हृदयाला जोडलेली, त्याची गती मंद करणारी चेता त्यांनी विजेने उद्दीपित केली, हृदय मंदावले. मग त्या हृदयातील पाणी काढून त्यांनी दुसऱ्या हृदयाला दिले. दुसऱ्याला कोणी स्पर्शही केला नव्हता, तरी तेही मंदावले. निरोप पाण्यात उतरला होता. अर्थात तो रासायनिक होता. १९२१ साली हे संशोधन प्रसिद्ध झाले. ते द्रव्य म्हणजे अ‍ॅसिटिलकोलिन हे पुढे निश्चित झाले, आणि १९३६ साली लोवी व इंग्लंडमधील हेन्री डेल यांना मिळून नोबेल पारितोषिक देण्यात आले.

३. अर्थ ऐकणाऱ्याच्या कानात

येथे एक विलक्षण गोष्ट ध्यानात घ्यावी. जे अ‍ॅसिटिलकोलिन हृदयाला ‘मंद हो’ असे सांगते, तेच दंडाच्या स्नायूला ‘आकुंचन पाव’ असे सांगते आणि लालाग्रंथीला ‘स्रव’ असे सांगते. द्रव्य एकच, परंतु आज्ञा तीन, आणि त्यांतील दोन तर परस्परविरुद्ध. हे कसे घडते?

याचे उत्तर ऐकणाऱ्या पेशीत आहे. पेशीच्या पटलावर विशिष्ट घडणीची प्रथिने बसविलेली असतात. त्यांना ‘ग्राही’ म्हणतात. पेशीचे कान म्हणावे अशी ही प्रथिने. द्रव्याचा रेणू ग्राहीच्या खाचेत बसला की ग्राहीचा आकार किंचित बदलतो, आणि त्या बदलामुळे पेशीच्या आत पुढील घडामोडींची साखळी सुरू होते. दंडाच्या स्नायूतील ग्राही म्हणजे एक लहानसे दारच असते; ते उघडताच सोडियमचे कण आत शिरतात आणि स्नायू आखडतो. हृदयातील ग्राही निराळ्या जातीचा असतो. तो आतील मध्यस्थ प्रथिनांकरवी पोटॅशियमची दारे उघडावयास लावतो आणि ठोके मंदावतात. पाठविणाऱ्याने एकच शब्द उच्चारला. त्याचा अर्थ ऐकणाऱ्याच्या घडणीने ठरविला. आणि ज्या पेशीवर त्या द्रव्याचा ग्राहीच नाही, तिच्या दृष्टीने तो शब्द उच्चारलाच गेला नाही.

आपल्यासारख्या उपदेश करणाऱ्या माणसांनी हे थोडे मनाला लावून घेण्यास हरकत नाही.

४. निरोप घेणे

मराठीत ‘निरोप’ या शब्दाला दोन अर्थ आहेत. एक, कोणाकडून तरी पोहोचविलेला संदेश. दुसरा, जाण्यासाठी घेतलेली रजा. पाहुणा निरोप घेऊन येतो आणि निरोप घेऊन जातो. पेशींच्या संभाषणाचे वर्णन करताना बहुधा पहिल्याच अर्थावर भर दिला जातो. परंतु शरीराच्या दृष्टीने दुसरा अर्थही तितकाच महत्त्वाचा आहे. आलेला निरोप वेळेवर गेला नाही, तर नवा निरोप ऐकू येणेच शक्य नाही.

मी हे लिहीत असताना माझी बोटे लेखणी धरून आहेत. प्रत्येक अक्षराला ती आखडतात आणि सैलावतात. आखडण्याचा निरोप आला की पुढच्याच क्षणी तो पुसला जावा लागतो. नाही तर बोट सैल होणार नाही आणि दुसरे अक्षर उमटणार नाही. हे पुसण्याचे काम फटीतच बसलेला एक विकर करतो. (शरीरातील रासायनिक क्रिया घडवून आणणाऱ्या प्रथिनांना विकर म्हणतात, हे वाचकांस ठाऊक असेलच.) त्याचे नाव अ‍ॅसिटिलकोलिनएस्टरेज. अ‍ॅसिटिलकोलिनचा रेणू पकडावा, त्याचे दोन तुकडे करावेत आणि सोडून द्यावे, एवढेच त्याचे काम. त्याचा वेग मात्र थक्क करणारा आहे : या विकराचा एक रेणू एका सेकंदात हजारो रेणू तोडतो. त्यामुळे फटीत सोडलेला निरोप सेकंदाच्या काही सहस्रांश भागातच संपतो. तुटलेल्या रेणूतील कोलिन हा भाग चेतापेशी परत आत ओढून घेते आणि त्यापासून पुढील निरोप तयार करते.

अशी व्यवस्था सर्व मार्गांवर आढळते, फक्त वेळ कमीअधिक. इन्सुलिनचेही तसेच. रक्तात आलेल्या इन्सुलिनपैकी निम्मे काही मिनिटांतच नाहीसे होते. यकृत व मूत्रपिंडे ते काढून टाकतात. ते सतत मोठ्या प्रमाणात राहिले तर पेशी आपल्या पटलावरील इन्सुलिनचे ग्राही कमी करतात. अखंड बोलणे चालू राहिले की ऐकणारा कान मिटून घेतो. प्रौढपणी होणाऱ्या मधुमेहात इन्सुलिन असूनही पेशी त्याला पुरेसा प्रतिसाद देत नाहीत; त्याची कारणे अनेक आहेत, पैकी हे एक.

५. थांबत नाही तेव्हा

आता आपण त्या शेतमजुराकडे परत येऊ. कपाशीवर मारण्यात येणाऱ्या कीटकनाशकांपैकी सेंद्रिय फॉस्फरसयुक्त औषधे हा एक मोठा वर्ग आहे. मोनोक्रोटोफॉस हे त्यातील शेतकऱ्यांना परिचित नाव. १९३० नंतरच्या दशकात जर्मनीत गेरहार्ड श्रॅडर हे रसायनशास्त्रज्ञ नव्या कीटकनाशकांच्या शोधात होते. त्या शोधात हाती लागलेल्या द्रव्यांपैकी काही इतकी जहाल निघाली की त्यांपासून युद्धातील विषारी वायू तयार करण्यात आले. टॅबून आणि सरीन ही त्यांची नावे. शेतात वापरली जाणारी औषधे त्या मानाने पुष्कळच सौम्य. परंतु दोहोंची कार्यपद्धती एकच आहे. ही द्रव्ये वर सांगितलेल्या विकराला चिकटतात आणि त्याला निकामी करतात.

ही द्रव्ये एवढेच करतात. ती रक्त नासवत नाहीत की आतडी जाळत नाहीत. फक्त निरोप पुसणारा हात बांधला जातो, आणि पुढील सर्व अनर्थ शरीराच्या स्वतःच्याच निरोपांनी होतो. लालाग्रंथीला ‘स्रव’ असे सांगितले गेले होते. ती स्रवतच राहते. श्वासनलिकांत स्राव साचतो आणि त्या आवळल्या जातात. हृदय मंदावतच जाते. स्नायू थरथरतात आणि अखेर थकून निश्चल होतात; त्यांत श्वासोच्छ्वासाचे स्नायूही आले. हे औषध त्वचेतूनही शोषले जाते आणि श्वासावाटेही आत जाते. ते पोटात जाण्याची आवश्यकताच नाही. त्या माउलीच्या प्रश्नाचे हे उत्तर होते.

२०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात जे घडले ते वाचकांना स्मरत असेल. यवतमाळ हा नांदेडला लागून असलेला, कपाशीचा जिल्हा. त्या वर्षी कपाशी उंच वाढली होती, आणि फवारा पायांवर न पडता छातीवर व तोंडावर येत होता. अनेक औषधे एकमेकांत मिसळून मारली जात होती. सर्वच एका वर्गातील नव्हती, परंतु मोनोक्रोटोफॉससारखी त्यांत होती. शेकडो शेतकरी व शेतमजूर यवतमाळच्या वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात आणि अन्यत्र दाखल झाले. एकट्या त्या जिल्ह्यात वीसहून अधिक माणसे दगावली. शासनाने विशेष चौकशी पथक नेमले. चर्चेत एक मुद्दा वारंवार पुढे येई : या लोकांनी संरक्षक साधने वापरली नव्हती.

हा मुद्दा खोटा नव्हता. परंतु तो उच्चारून संभाषण संपविता येत नाही. भाद्रपदातील दमट उकाड्यात, पाठीवर पंप घेऊन, डोक्याइतक्या उंच पिकातून चालणाऱ्या माणसाने मुखपट्टी व रबरी हातमोजे घालून दिवसभर काम करावे, ही अपेक्षा सावलीत बसून करणे सोपे आहे. ती साधने कोणी विकत घ्यावीत, मजुराने की मालकाने, हा प्रश्न तर बहुधा विचारलाच जात नाही. योहानकृत शुभवर्तमानाच्या ९ व्या अध्यायात जन्मांध मनुष्याला पाहून शिष्य प्रथम विचारतात ते पाप कोणाचे, हे. रुग्णशय्येशी उभे राहिले की तोच प्रश्न आजही आपल्या जिभेवर प्रथम येतो. येशूने त्या प्रश्नाची चौकट स्वीकारली नाही, हे आपण शिकविताना सांगतो. वॉर्डात उभे राहून ते आठवणे कठीण जाते, हे मी स्वानुभवाने सांगतो. कारण भाच्याच्या बोलण्यावर क्षणभर माझीही मान डोलली होती.

६. उतारा

उपचाराची रीतही निरोपाच्या भाषेत समजून घेता येते. रुग्णाचे कपडे काढून अंग साबणाने व भरपूर पाण्याने धुणे हे प्रथम. कारण कपड्यांतून व कातडीतून विष आत जातच असते. त्यानंतर अ‍ॅट्रोपीन. धोत्रा ज्या वनस्पतिकुलातील आहे त्याच कुलातील बेलाडोना या वनस्पतीपासून हे द्रव्य मिळते; आपल्या धोत्र्यातही त्याच जातीची द्रव्ये असतात. अ‍ॅट्रोपीन विकराला सोडवीत नाही. ते हृदय, ग्रंथी व श्वासनलिका यांवरील ग्राहींना चिकटून बसते, म्हणजे कानांत बोळे घालते. बोलणे चालूच राहते, पण ऐकू येत नाही. छातीतील घरघर थांबेपर्यंत डॉक्टर ते पुन्हा पुन्हा देत राहतात. स्नायूंवरील ग्राही मात्र निराळ्या जातीचे असल्याने अ‍ॅट्रोपीनचा तेथे उपयोग होत नाही. श्वासाचे स्नायू थकले तर कृत्रिम श्वासयंत्राचाच आधार घ्यावा लागतो. विकराला विषाच्या मिठीतून सोडविण्यासाठी प्रालिडॉक्झिम नावाचे औषध दिले जाते. ते लवकर दिले तरच काही उपयोगी पडण्याची शक्यता असते, कारण वेळ जाईल तशी ती मिठी कायमची होत जाते. त्यानंतर शरीराने नवा विकर तयार करीपर्यंत धीर धरणे एवढेच उरते.

येथे एक गोष्ट सांगितली पाहिजे. विकराला अडविणे ही क्रिया स्वभावतः दुष्ट नाही. मायस्थेनिया ग्रेव्हिस या विकारात रुग्णाची स्वतःची प्रतिकारशक्ती स्नायूंवरील ग्राहींचा नाश करते. कान कमी झाल्यामुळे निरोप अस्पष्ट ऐकू येतो आणि पापण्याही उचलवेनाशा होतात. १९३४ साली इंग्लंडमधील मेरी वॉकर या डॉक्टर बाईंनी अशा रुग्णास विकराला तात्पुरते अडविणारे द्रव्य दिले, आणि तिची शक्ती काही काळ परतली. निरोप थोडा अधिक रेंगाळला, म्हणून उरलेल्या कानांना तो ऐकू आला. एकच क्रिया कोठे औषध ठरते व कोठे विष, ते मात्रेवर आणि ऐकणाऱ्याच्या स्थितीवर अवलंबून आहे.

७. न थांबणारी वाढ

निरोप न थांबण्याचा प्रकार केवळ विषबाधेत घडतो असे नाही. कर्करोगात त्याचे दुसरे रूप दिसते. पेशींना वाढण्याचा निरोप मिळतो तोही ग्राहीवाटेच, आणि तो आत नेणारी प्रथिने काम झाल्यावर स्वतःला बंद करतात. रास या नावाचे असे एक प्रथिन आहे. १९८२ साली असे आढळले की मूत्राशयाच्या कर्करोगातील पेशींत या प्रथिनाच्या जनुकातील एकच अक्षर बदललेले असते, आणि तेवढ्याने त्याला बंद होता येईनासे होते. बाहेरून कोणी ‘वाढ’ म्हणत नसतानाही आत ‘वाढ, वाढ’ असा घोष चालू राहतो.

या क्षेत्रात मराठी वाचकांनी स्मरणात ठेवावे असे एक नाव म्हणजे डॉ. कमल रणदिवे. १९१७ साली पुण्यात जन्मलेल्या कमलाबाईंनी मुंबईत डॉ. वसंत रामजी खानोलकर यांच्या मार्गदर्शनाखाली संशोधन करून १९४९ साली डॉक्टरेट मिळविली. पुढे अमेरिकेत बाल्टिमोर येथे जॉर्ज गे यांच्या प्रयोगशाळेत त्यांनी शरीराबाहेर पेशी वाढविण्याचे तंत्र आत्मसात केले, आणि परत येऊन मुंबईच्या इंडियन कॅन्सर रिसर्च सेंटरमध्ये त्या कामाची प्रयोगशाळा उभारली. स्तनांच्या कर्करोगात आनुवंशिकता, विषाणू आणि संप्रेरके यांचा परस्परसंबंध काय, हा त्यांच्या अभ्यासाचा एक प्रमुख विषय होता. दूरवरून येणारा निरोप आणि पेशीची बेबंद वाढ यांचे नाते त्या उंदरांवरील प्रयोगांतून शोधीत होत्या. त्यांना १९८२ साली पद्मभूषण मिळाले. २००१ साली त्या निवर्तल्या. आज स्तनांच्या काही कर्करोगांत टॅमॉक्सिफेन हे औषध दिले जाते. इस्ट्रोजेन या संप्रेरकाच्या ग्राहीत जाऊन बसावे आणि वाढीचा निरोप तेथे पोहोचू देऊ नये, ही त्याची रीत. अ‍ॅट्रोपीनची रीत ज्याने समजून घेतली त्याला ती ओळखीची वाटेल.

पेशींचे हे व्यवहार जाणून घेण्याचे काम आपल्या शहरातही चालते. हिमायतनगरहून उस्मानिया विद्यापीठाच्या बाजूने तार्नाका ओलांडून गेले की हबसीगुड्याला पेशी व रेणू जीवशास्त्र केंद्र लागते. १९७७ साली डॉ. पुष्प मित्र भार्गव यांच्या नेतृत्वाखाली ते सुरू झाले. आपल्या विद्यार्थ्यांपैकी कितीजण त्या रस्त्याने जाताना त्या फाटकाकडे मान वळवून पाहतात, हे मला ठाऊक नाही.

८. शेवटी

तो शेतमजूर नऊ दिवस श्वासयंत्रावर होता आणि तिसऱ्या आठवड्यात पायांनी चालत घरी गेला. निघण्यापूर्वी मी त्याच्या पत्नीला, डॉक्टरांकडून नीट समजून घेऊन, या लेखातील गोष्ट साध्या शब्दांत सांगितली : शरीराने कोणतेही पाप केले नाही, त्याला आपले बोलणे थांबविता येत नव्हते. भाचाही ऐकत होता. त्याने प्रश्न विचारला तो उपयोगाचा होता : पुढे काय करायचे? वाऱ्याच्या उलट दिशेने फवारू नये. पूर्ण बाह्यांचे कपडे घालावेत व ते निराळे धुवावेत. फवारणी झाल्याबरोबर साबणाने अंग धुवावे. हात न धुता बिडी ओढू नये की भाकरी खाऊ नये. डोळ्यांपुढे अंधारी, मळमळ, छातीत घरघर वाटताच काम टाकून दवाखाना गाठावा आणि औषधाची बाटली बरोबर न्यावी. या गोष्टी आपल्यापैकी कोणालाही खेड्यातील मंडळीत सांगता येण्याजोग्या आहेत.

पुढील वर्षी तो पुन्हा फवारणीला गेला. दुसरे काम नव्हते. पोळ्यानंतर हैदराबादेस आला तेव्हा भेटून गेला. या वेळी मालकाने हातमोजे दिले का, असे मी विचारले. एक जोड दिला, तोही फाटका, असे म्हणून तो हसला. मग म्हणाला, “पण आता दोन पंप झाले की मी थांबतो, फादर. मालक ओरडला तरी थांबतो.”